देवावरचा वाळका पाला

ते प्रकरण आठवलं की आजही माझे तळहात ओले होतात. भीतीने नव्हे. करवंदीच्या जाळीमागे बसून त्या दुपारी छातीत जी धडधड झाली, तिची आठवण अजून अंगात आहे, म्हणून.

मी आमच्या गावची पोलीस पाटील होते. आता वयोमर्यादा झाली, ओळखपत्र जमा केलं. कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. पोलीस पाटलाला गणवेश नसतो, काठी नसते, शिट्टीसुद्धा नसते. गावात जे घडेल त्याची पहिली खबर ठाण्यात द्यायची, पोलीस येईपर्यंत घटनास्थळाला कुणाला हात लावू द्यायचा नाही आणि पंचनाम्याच्या वेळी हजर राहायचं, एवढं काम. पद महिलेसाठी राखीव निघालं तेव्हा गावातून दुसऱ्या कुणाचा अर्ज आला नाही. माझी शाळा चौथीपर्यंतच, तरी प्रांतसाहेबांनी सवलत देऊन नेमलं. ठाण्यातल्या बैठकीत मी मागच्या खुर्चीवर बसायची. गावाचं नाव पुकारलं की "सगळं ठीक आहे साहेब" म्हणायची आणि खाली बसायची. एकदा एक साहेब म्हणाले, "या बाईंच्या गावात मांजरसुद्धा आडवं जात नाही वाटतं." सगळे हसले. मीही पदरात हसले.

इथे कुणाचं नाव लिहीत नाही. ज्यांची चूक होती त्यांनी ती भोगली, आणि ज्यांची नव्हती त्यांना नावाची हौस नाही.

आमच्या गावातून पुढे गेलेला डांबरी रस्ता नदीवर जाऊन संपतो. पूल नाही. दगडांवर पाय देत नदी ओलांडायची की समोर डोंगराची वाट लागते, ती थेट घाटमाथ्याला जाते. अलीकडच्या काठावर मोकळं मैदान आहे. मैदानात ऐनाचं एक जुनं झाड, ऐनाखाली शेंदूर लावलेला दगड. मैदानाच्या वरच्या अंगाला टेकाडावर आदिवासी वाडी. पूर्वी तिथे गुराखी आणि वाडीची माणसं सोडून कुणी फिरकत नसे. मोबाईलवर फोटो फिरायला लागले तशी मुंबई-पुण्याची पोरं सुट्टीच्या दिवशी यायला लागली. टेंपोवाले त्यांना कर्जत स्टेशनवरून भरून आणतात, दिवसभर मैदानात थांबतात आणि संध्याकाळी परत नेतात.

ऐनाखालच्या दगडाला आम्ही वाटेवरचा देव म्हणतो. डोंगरात जाणाऱ्याने नदीच्या अलीकडे एक हिरवी डहाळी मोडायची, देवावर ठेवायची आणि मग पाण्यात पाय घालायचा. नारळ नाही, पैसा नाही, फक्त डहाळी. आणि एकदा ठेवलेला पाला कुणी उचलायचा नाही. तो तिथेच वाळतो, कुजतो, त्याची माती होते. म्हणून देवावर कायम पाल्याचा मोठा ढीग असतो. शेळीने तोंड घातलं तर शेळीला हाकलतात, पण विस्कटलेला पाला परत रचायलासुद्धा कुणी हात लावत नाही.

मैदानाच्या कडेला वाडीतली एक बाई खोपटं घालून बसायची. डोंगरात नको असलेलं ओझं पोरं तिच्याकडे ठेवून जायची. लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं, पण तिने स्वतःची पद्धत काढली होती. जुन्या लुगड्याची चिंधी मधोमध फाडायची, अर्धी पिशवीला बांधायची, अर्धी पिशवीवाल्याच्या हातात द्यायची. संध्याकाळी काठ जुळवून बघायचा आणि पिशवी द्यायची. कितीतरी हंगाम हे चाललं होतं आणि एक कंगवासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. शहरातली पोरं इथे यायच्या आधीच एकमेकांना सांगायची, नदीवर मावशी आहे, सामान तिच्याकडे टाका. तिची कमाई म्हणजे हा शब्द. तो गेला असता तर खोपटं मोडून घरी बसण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. आणि एका रविवारी तो जाण्याची वेळ आली.

पावसाळा सरत आला होता. भात पिवळं पडायला लागलं होतं. खाली कडक ऊन आणि दुपारनंतर डोंगरावर गडगडाट, असे ते दिवस. मी जेवायला बसणार तेवढ्यात बीट हवालदारांचा फोन आला.

"पाटीलबाय, हात धुवा आणि नदीवर चला. एका पोरीचा कॅमेरा गेलाय."

"हात कोरडाच आहे अजून," मी म्हटलं, आणि तशीच निघाले.

हवालदारांनी मला मोटारसायकलवर मागे घेतलं. हा माणूस आमच्याच तालुक्यातला, पोट सुटलेला, पण प्रत्येक वाडीतल्या माणसाला नावाने ओळखणारा. वाटेत म्हणाले, "खबर पक्की हाय. टेंपोवाल्याचा मला फोन आला. मावशीच्या खोपटात बघा म्हनतो. बोलू नये, पन तिच्याबिगर तिथं कोन जात नाय, असं त्याचं म्हननं."

मी मागे बसून ऐकत होते. पण एक गोष्ट मनात आली. पोलिसांना खबर देणारा माणूस सहसा काय दिसलं ते सांगतो. याने कुठे बघायचं ते सांगितलं होतं.

मैदानात पोचलो तेव्हा फौजदारांची जीप आधीच आली होती. फौजदार सोलापूरकडचे, तरुण, नव्यानेच आमच्या ठाण्यात आलेले. सोबत एक महिला शिपाई होती. खोपट्यापुढे शहरातल्या पोरापोरींचा घोळका उभा होता. त्यांची पुढारी एक चष्मेवाली मुलगी होती. तिने मुठीत लाल चिंधी धरली होती आणि ती रडू आवरत होती. सकाळी नदीचे फोटो काढून तिने कॅमेऱ्याची बॅग मावशीकडे ठेवली होती. डोंगरात ढग दिसले म्हणून सगळे लवकर उतरले, तर बॅग नाही. घोळक्यातला एक मुलगा मोबाईल नाचवत म्हणत होता, "मी आत्ता टाकतो ना सगळीकडे. फोटोसकट. कळू दे लोकांना इथे काय चालतं."

"आधी आम्हाला काम करू द्या," फौजदार म्हणाले. "मग टाका काय टाकायचं ते."

खोपट्याची झडती झाली. मी पंचांबरोबर उभी होते. एक चूल, दोन पातेली, वाळत घातलेले मासे, बांबूची टोपली, तिचं एक लुगडं, चिंध्यांचं गाठोडं. सगळं बाहेर काढून झटकलं. कॅमेरा नव्हता. टेकाडावर वाडीतली माणसं येऊन उभी राहिली होती. आपल्या माणसाचं लुगडं पोलीस झटकतात हे बघताना माणसं जशी उभी राहतात तशी ती उभी होती.

मग विचारपूस. फौजदार उभे, ती जमिनीवर बसलेली.

"बॅग कुठे आहे?"

"मी नाय घेतली."

"मग कुणी घेतली?"

"मी नाय."

तेच पुन्हा, तेच पुन्हा. फौजदारांनी माझ्याकडे बघितलं. "पाटीलबाई, तुम्ही विचारा. आमच्याशी नाही बोलायची ही."

मी तिच्या शेजारी मातीत बसले. काय विचारायचं ते सुचत नव्हतं. शेवटी म्हटलं, "जेवलीस का गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "कुठं जेवते बाय. मासं आनाया गेले नि इकडं घर बुडालं."

"कुठे गेली होतीस?"

"वरच्या डोहाला टोपली लावली हाय, ती बघाया. लांब नाय. हाकंच्या टप्प्यात."

"आणि खोपटं उघडं टाकून गेलीस?"

"उघडं कसं टाकीन? त्या टेंपोवाल्या दादाला बोलले, जरा नजर ठेव रं, आलेच मी. तो बोलला, जा." मग तिने माझा हात धरला. "बाय, कॅमेरा घावंल, नाय घावंल. पन उद्यापासून माझ्याकडं कोन टाकंल गं पिशवी?"

टेंपोवाला जवळच होता. चाळिशीचा, नीटनेटका, केसांना तेल, खिशात कंगवा. टेंपोही तसाच, चकचकीत. तो कर्जतच्या बाजूच्या गावातला, पण कित्येक वर्षं या मैदानात येणारा. फौजदारांनी विचारल्यावर हात जोडून म्हणाला, "मला कुठं काय बोलली साहेब? मी नदीवर गाडी धूत होतो. पाण्याच्या आवाजात काय ऐकू येतंय? माझी गाडी बघा पायजे तर."

गाडी बघितली. सीटखाली, टपावर, चाकामागे. काही नाही. तिचा शब्द आणि त्याचा शब्द, दोन्ही सारखेच. फौजदार कंटाळून जीपकडे गेले.

मला सवय अशी की नदीवर आले, डोंगरात जायचं नसलं तरी देवावर डहाळी ठेवायची. लहानपणी आईबरोबर करवंदं काढायला जायचो तेव्हापासूनची. करंजाची एक डहाळी मोडली आणि ऐनाखाली वाकले. ठेवताना हात थांबला.

ढिगावर सगळा वाळका पाला होता. तपकिरी, कुरकुरीत.

त्या दिवशी सकाळी वाडीतले गडी गवताला वर गेले होते. शहरातल्या पोरांचे दोन गट वर गेले होते, आणि ती पोरं तर हौसेने डहाळ्या ठेवतात, टेंपोवालाच त्यांना सांगतो, ठेवा, फोटो चांगला येतो. म्हणजे वर हिरवा पाला पाहिजे. मी गुडघ्यावर बसून कडेने बघितलं. हिरवा पाला होता, पण खाली, वाळक्याच्या ओझ्याखाली चेंगरलेला. त्याची टोकं बाजूने बाहेर आली होती. ढीग कुणीतरी उचलला होता, आणि ठेवताना उलटा ठेवला होता.

माझ्या कानात नदीचा आवाज बंद झाल्यासारखं झालं. वाडीतला माणूस जीव गेला तरी हे करणार नाही. शहरातल्या माणसाला इथे लपवावं हे सुचणार नाही. पाल्याला कुणी हात लावत नाही हे ज्याला पक्कं माहीत आहे, पण ज्याचा हात मात्र लागू शकतो, असा माणूस पाहिजे होता. आणि असा माणूस त्या मैदानात एकच होता, केसांना तेल लावलेला.

मी डहाळी ठेवली, सरळ उठले आणि जीपपाशी गेले. फौजदारांना चार माणसांत काही सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. जीपच्या आरशात बघून पदर सारखा केल्यासारखं केलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

फौजदारांनी ऐकून घेतलं. लगेच पुढे निघाले. "उचला मग. बघून टाकू."

"नको साहेब."

"का?"

"तिथे कुणी हात लावत नाही."

"पाटीलबाई, देवाखाली बॅग आहे असं तुम्हीच म्हणता, आणि हात लावू नका असंही तुम्हीच म्हणता. मग मी करू काय? आरती?"

हवालदार फिसकन हसले. मी मागे हटले नाही. म्हटलं, "आपण उचलली तर बॅग मिळेल साहेब. कुणी ठेवली ते कसं कळणार? तो म्हणेल बाईनेच ठेवली. आपण नाही उचलली तर ज्याने एकदा हात लावला तो परत लावेल."

फौजदार थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा खुलला की तो तरुण माणूस आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "आणि तो आजच लावेल," ते म्हणाले. "उद्या नाही. ते माझ्याकडे लागलं. पण बाईंना इथून न्यावं लागेल. त्याला वाटलं पाहिजे की संपलं सगळं."

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात नेता येत नाही, जबाब तिच्या घरी घ्यायचा असतो, हे फौजदारांना ठाऊक होतं. म्हणून ठरलं की जीप वळणापलीकडे गेली की तिला माझ्या घरी सोडायचं, माझ्या सुनेपाशी, महिला शिपाई सोबत. पण हे मैदानात कुणाला कळणार नव्हतं. मैदानातून ती चोर म्हणून जाणार होती, वाडीसमोर.

हे तिला विचारायचं काम माझं. मी तिच्या कानाशी बोलले. ती ऐकत होती आणि टेकाडाकडे बघत होती. तिथे तिचा दीर उभा होता, तिची जाऊ, पोरंबाळं.

"जाते," ती म्हणाली. "पन बाय, नेताय तशी आनून सोडा. ह्याच गाडीतनं. हीच मानसं असताना. चालत नाय यायची मी."

"आणीन."

"तू आनशील. तो आनंल?"

मी फौजदारांकडे गेले, विचारलं, त्यांनी दुरूनच तिला मान हलवून होकार दिला. तेव्हा ती उठली.

मग फौजदारांनी जो आवाज काढला तो अजून माझ्या कानात आहे. "चला! बाईंना घ्या गाडीत. फिर्यादी ताई, तुम्हीपण बसा. बाकीच्यांनी गावात चालत जाऊन चहा घ्या, जबाब व्हायचेत. टेंपोवाले, तुम्ही इथेच थांबा, या पोरांना स्टेशनला सोडायचंय. आणि हवालदार, उद्या सकाळी श्वानपथक मागवा. कुत्रं आलं की मैदानाचा दगड न् दगड हुंगू दे!"

कुत्र्याचं नाव निघालं तसा टेंपोवाल्याचा हात खिशातल्या कंगव्याकडे गेला. बस, तेवढंच.

जीप गेली. पोरं पायी गेली. हवालदार मोटारसायकल वळणामागे लावून भाताच्या बांधाने परत आले, मी घरी निघाल्याचं दाखवून त्यांच्या आधीच करवंदीच्या जाळीमागे येऊन बसले होते. ठरलं असं की टेंपोवाल्याने ढिगाला हात लावला की हवालदारांनी पळायचं, मी "चोर चोर" ओरडायचं आणि फौजदार रस्त्याच्या बाजूने येऊन वाट अडवणार. मी आयुष्यात कधी चारचौघांत ओरडले नव्हते. हवालदारांना तसं सांगितलं.

"गुरांना हाकलता का नाय? मग तसंच."

बसलो. टेंपोवाला गाडीत पाय पसरून पडला होता. एक शेळी आली, पाल्याला तोंड लावलं, माझा जीव खालीवर झाला. शेळीने बॅग बाहेर काढली असती तर पंचनाम्यात काय लिहिलं असतं? देवदयेने ती कंटाळून गेली. मग हवालदार कुजबुजले, "पाटीलबाय."

"काय?"

"मी मुंगळ्यांच्या वारुळावर बसलोय."

"हलू नका."

"हलत नाय. पन ते हलतायत."

मला हसू आवरेना आणि हसता येईना. तोंडात पदर कोंबला. तेवढ्यात डोंगरावर मोठा गडगडाट झाला, आणि टेंपोवाला उठला.

त्याने आधी वाडीकडे बघितलं. टेकाडावर कुणी नव्हतं, माणसं आत गेली होती. मग रस्त्याकडे. मग बादली घेतली, नदीवर पाणी आणायला निघाल्यासारखा निघाला आणि ऐनापाशी वळला. बादली खाली ठेवली. आणि काय सांगू, त्या माणसाने चपला काढल्या. हात जोडले. डोळे मिटून कपाळाला हात लावला. मग वाकून दोन्ही हातांनी पाल्याचा ढीग बाजूला सारला.

काळ्या बॅगेचा पट्टा दिसला. त्याला लाल चिंधी.

हवालदार उठून पळाले, एका हाताने मुंगळे झटकत. आणि मी ओरडले. "चोर" हा शब्द काही आलाच नाही. जे पोटातून आलं ते आलं.

"अरं ए! देव उसकटला रं! धावा! देव उसकटला!"

चोर म्हटलं असतं तर वाडीतून कोण आलं असतं कुणास ठाऊक. देवाचं नाव ऐकलं आणि अख्खी वाडी टेकाडावरून धावत सुटली. बायका, म्हातारे, हातातलं काम हातात घेऊन. रस्त्याच्या बाजूने फौजदार पळत आले. टेंपोवाल्याने तिन्ही बाजू बघितल्या, बॅग गळ्यात अडकवली आणि चौथ्या बाजूला पळाला, नदीत.

वर डोंगरात कोसळत होतं. नदी गढूळ झाली होती आणि चढत होती. दोन दगड त्याने नीट ओलांडले, तिसऱ्यावर पाय सरकला. कसाबसा मधल्या मोठ्या खडकाला बिलगला आणि तिथेच अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पाणी गुडघ्याला लागलं. काठावर फौजदार, हवालदार, मी आणि सगळी वाडी.

"बॅग सोडू नकोस रे!" फौजदार ओरडले. "मुद्देमाल आहे तो!"

"बॅग सोड!" मी ओरडले. एकदा आवाज निघाला होता तो आता थांबत नव्हता. "दोन्ही हातांनी खडक धर! जीव सांभाळ!"

"कुनाचं ऐकू?" तो खडकावरून रडत ओरडला.

हवालदार म्हणाले, "साहेब, आधी आपसात ठरवा, मग त्याला सांगू."

फौजदारांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "बॅग मरू दे," ते म्हणाले. "दोर बघा कुठे आहे का."

दोर वाडीतून आला, गुरं बांधायचा. तो घेऊन पाण्यात कोण उतरलं? त्या बाईचा दीर. थोड्या वेळापूर्वी आपल्या भावजयीला जीपमध्ये बसवून नेताना ज्याने टेकाडावरून बघितलं होतं, तोच. दोराचं एक टोक वाडीच्या गड्यांच्या हातात, दुसरं त्याच्या कमरेला. खडकापर्यंत जाऊन त्याने टेंपोवाल्याची कॉलर धरली.

"चल रं," तो म्हणाला. "तुझं काय ते मंग बघू."

दोघं काठाला आले. बॅग गळ्यातच होती. फौजदारांनी ती काढून आपल्या हातात घेतली.

टेंपोवाल्याला नाकारायला काही उरलं नव्हतं. तिथेच मैदानात, ओल्या कपड्यांत, त्याने सगळं सांगितलं. हवालदारांनी विचारलं, "कॅमेरा कुनाला विकनार होतास?"

"कुनाला नाय."

"मग घेतलास कशाला?"

त्याने ओल्या शर्टाचं टोक पिळलं. मग माझ्याकडे बघून बोलला, फौजदारांकडे नाही. "बाय, मी त्यांना स्टेशनवरनं आनतो. माझ्या गाडीत बसतात, माझ्याशी हसतात, बोलतात. आनि इथं उतरली का पिशव्या उचलून तिच्याकडं. माझी गाडी दिवसभर उभी असते इथं, कुलूप हाय गाडीला. एकदा पन कोन बोललं नाय, दादा, तुमच्याकडं ठेवतो. तिच्याकडं दार पन नाय खोपट्याला."

दोन दिवसांनी बॅग आपणच शोधून देणार होतो, असंही तो म्हणाला. फौजदार त्यावर हसले. ते खरं होतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही. पण आधी सांगितलेलं खरं होतं. तसं खोटं कुणाला सुचत नाही.

मुलीला गावातून बोलावून घेतलं आणि पंचनामा झाला. मुलीच्या मुठीतली चिंधी आणि बॅगेची चिंधी पंचांसमोर जुळवली, काठ बरोबर बसला, तशी नोंद केली. बॅग ओली होती, पण आतला कॅमेरा कोरडा होता. मुलगी हात पुढे करून आली तेव्हा फौजदारांना सांगावं लागलं की मुद्देमाल आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येणार नाही.

"म्हणजे आज नाही मिळणार?"

"आज नाही, ताई. पण आता कुठे जाणार नाही तो."

यात वेळ गेला. उन्हं कलली होती. फौजदारांना आरोपीला घेऊन कर्जतला जायचं होतं. ते म्हणाले, "पाटीलबाई, त्या बाईंना तुमच्या घरून मोटारसायकलवर पाठवा, वाट सोपी आहे." बोलून गेले, आणि स्वतःच थांबले. माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणायच्या आत ड्रायव्हरला म्हणाले, "जीप काढ. आरोपी इथेच बसू दे हवालदारांपाशी. आधी बाईंना आणतो."

जीप मैदानात आली तेव्हा वाडी टेकाडावरून खाली आली होती, शहरातली पोरंही परत आली होती. फौजदारांनी खाली उतरून स्वतः मागचं दार उघडलं. नेताना जो आवाज लावला होता त्याच आवाजात म्हणाले, "ऐका सगळे! बाईंचा या चोरीशी काही संबंध नाही. चोर सापडला, माल सापडला. बाईंनी पोलिसांना मदत केली, म्हणून सापडला."

ती उतरली. पदर खांद्यावरून सारखा केला. कुणाकडे न बघता खोपट्यात गेली आणि झडतीत बाहेर फेकलेली पातेली उचलायला लागली. महिला शिपाई मागोमाग गेली आणि तिने ते लुगडं घडी करून दिलं. मोबाईल नाचवणारा मुलगा जरा वेळ उभा राहिला. मग त्याने मोबाईल खिशात घातला आणि वाळलेले मासे गोळा करायला वाकला.

"राहू दे रं," ती त्याला म्हणाली. "वास येईल हाताला. गाडीत कोन बसू देनार नाय."

पुढच्या रविवारी मी काही काम नसताना नदीवर जाऊन आले. खोपट्यापुढे पिशव्या होत्या, नेहमीपेक्षा जास्तच. टेंपोवाला जामिनावर सुटला, पण आमच्या मैदानात पुन्हा आला नाही.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं, तर एक गोष्ट. चोर पकडला की आपलं काम संपलं असं पोलिसांना वाटतं. पण संशय आपण चारचौघांत घेतो आणि तो खोटा ठरला की गुपचूप सोडून देतो. माणसाला जीपमधून नेतो आणि परत जाताना एसटीने जा म्हणतो. नेताना बघणारी सगळी गल्ली असते, परत येताना बघणारं कुणी नसतं. मग त्याच्यावरचा डाग गावाच्या नजरेत तसाच राहतो, आणि कुठल्याही कागदावर तो पुसला जात नाही, कारण तो कागदावर लागलेलाच नसतो.

त्यानंतर माझ्या गावातून कुणाला चौकशीला नेलं आणि तो निर्दोष निघाला, तर त्याला जीपमधून परत आणायचं, उजेडी, आणि जिथून उचललं तिथेच उतरवायचं, हा मी हट्ट धरला. कागदोपत्री असा नियम नाही. पुढे बदलून आलेले काही अधिकारी वैतागायचे. "पाटीलबाई, सरकारी जीप म्हणजे काय टॅक्सी आहे का?" असं एकदा एकाने ठाण्याच्या दारात सगळ्यांसमोर विचारलं. मी फक्त जीपचं मागचं दार उघडलं, त्या माणसाला आत बसवलं आणि दार धरून तिथेच उभी राहिले, साहेब येऊन पुढे बसेपर्यंत.